डावी मांडी

४ जानेवारी, शनिवार

ढमीला सैनिकी अकादमीत सोडून आलो. फाटकाच्या अलीकडे रस्त्यावर एक पांढरी रेघ मारली आहे, आईबापांनी तिथेच थांबायचं. मी बोलण्याच्या नादात पुढे गेलो तर ढमी म्हणाली, "बाबा, रेघ." अजून आत पाऊल टाकलं नव्हतं आणि बाईसाहेब हुकूम सोडायला लागल्या. ट्रंक तिची तिनेच उचलली, आईच्या गालाला गाल लावला, मला "येते" म्हणाली आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही. बायको म्हणाली, "वळून बघायची परवानगी नसेल." मी म्हटलं, "परवानगी कसली, रडू आलं असेल. माझ्यावर गेली आहे."

घरी आल्या आल्या बायको शिवणयंत्रावर जाऊन बसली. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून देते: उसवलेले, सैल झालेले, अंगाला न बसणारे. बाहेरची खोली तिच्या यंत्राने, कापडाच्या ढिगांनी आणि टाचण्यांनी भरलेली. तिच्या हाताला काम होतं. मला काय करावं सुचेना म्हणून ही वही काढली. हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये एकतीस वर्षं काढली, रोज रजिस्टर लिहिलं: कोण, कुठलं हाड, कधी बांधलं, कधी कापायचं. तशीच पोरीची नोंद ठेवू. प्रशिक्षण सव्वीस आठवड्यांचं आहे. ते पार पडलं की ती अधिकारी होऊन बाहेर येणार.

लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ढमी. आता बावीस वर्षांची आहे, पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत पळते, तरी ढमीच.

१२ जानेवारी, रविवार

पहिला फोन, स्पीकरवर लावून दोघांनी ऐकला. रविवारी दुपारी दहा मिनिटं देतात, मागे रांग उभी असते. आम्ही साडेअकरापासून फोनसमोर जेवणाची ताटं घेऊन बसलो होतो, जेवलो मात्र नाही. ढमीचा आवाज बसलेला. दिवसभर "येस सर" ओरडावं लागतं म्हणे. केस कानापर्यंत कापले. बायकोला ते फार लागलं, पण फोनवर "छान दिसत असशील" म्हणाली.

टाचांना फोड आलेत. मी म्हटलं, फोडायचे नाहीत, आधी पातळ मोजा, वर जाड मोजा, शिवण बाहेरच्या बाजूला. "बाबा, थांबा, लिहून घेते." इतक्या वर्षांत माझं बोलणं कोणी लिहून घेतलेलं नाही. आमचे हाडांचे डॉक्टर तर माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

गेल्या रविवारी नुसतीच मजामजा झाली, लिहिण्यासारखं नव्हतं. आज काम निघालं. ढमीच्या नडग्या दुखतायत. तिच्या खोलीतल्या एका मुलीच्याही दुखत होत्या, ती मेडिकलला गेली. डॉक्टरांनी विश्रांती दिली, आणि सलग दहा दिवस मैदानाबाहेर राहिलं की मागच्या तुकडीत ढकलतात. म्हणजे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. ती मुलगी बॅग भरताना भिंतीकडे तोंड करून रडत होती.

मी म्हटलं, घाबरू नकोस, आत्ता इथेच निकाल लावू. एक बोट घे आणि नडगीवरून वरून खाली दाबत ने. एकाच जागी जीव जातो का? नाही म्हणाली, सगळीकडे थोडं थोडं, तळहात ठेवावासा वाटतो. मग ते हाड नव्हे. माझा हा हिशोब कधी चुकलेला नाही. हाड मोडलेला माणूस बोट ठेवून जागा दाखवतो, स्नायू दुखावलेला तळहात फिरवतो. एक्स-रे यायच्या आत मी सांगतो आणि एक्स-रे नंतर मला हो म्हणतो. तिला बर्फ, पोटऱ्या ताणायचा व्यायाम आणि पट्टी कशी बांधायची ते सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार

नडग्या थांबल्या! "बाबा, तुम्ही ग्रेट आहात." रांगेतल्या दुसऱ्या पोरीही तिच्याकडून पट्टी बांधून घेतात. बायकोला म्हटलं, बघ, तुझा नवरा अकादमीचा बिनपगारी डॉक्टर झाला. ती म्हणाली, "डॉक्टर नाही, प्लास्टरमास्तर." हॉस्पिटलात मला तेच म्हणतात. तोंडात दोरा धरून बोलते, त्यामुळे चिडवतेय की कौतुक करतेय कळत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेल्या आठवड्यात पाठीवर बारा किलो घेऊन चढावर पळवलं. आता डाव्या बाजूला जांघेत आणि मांडीच्या पुढच्या भागात दुखतं. पळायला लागलं की सुरू, बसलं की कमी. मी बोटाची परीक्षा करायला लावली. सगळी मांडी दाबून पाहिली, कुठेही एक जागा सापडत नाही, आत कुठेतरी आहे म्हणते. म्हणजे स्नायू. चढावर मांडी वर उचलताना ताणला गेला असणार. एका पायावर तीन उड्या मारायला सांगितल्या. फोनवर उड्या ऐकू आल्या. तिसऱ्या उडीनंतर जरा थांबून म्हणाली, "सहन होतंय, बाबा."

पट्टी सांगितली: गुडघ्याच्या वरून सुरू करायची, तिरपी तिरपी वर न्यायची आणि शेवटी कमरेला एक वेढा. हे बांधणं सोपं नाही, पण पोरीचे हात माझे आहेत.

बायकोने फोन ठेवल्यावर विचारलं, "तिथल्या डॉक्टरला दाखवलं तर?" मी म्हटलं, दाखवलं की विश्रांती, विश्रांती की मागची तुकडी. अकराव्या आठवड्यात, वीस मार्चला, दहा किलोमीटरची परीक्षा आहे. ती पार झाली की पुढे वर्गातलं शिक्षण जास्त, पायांना आराम. तिथपर्यंत काढायचं. बायको म्हणाली, "तुम्हाला कळतं म्हणून विचारलं." मी म्हटलं, कळतं म्हणूनच सांगतोय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पार्सल पाठवलं. क्रेपच्या चार पट्ट्या, मलम आणि वेदनेच्या गोळ्या. बाहेरची औषधं आत नेऊ देत नाहीत, म्हणून गोळ्यांची पाकिटं मोज्यांच्या जोडीत घालून मोजे एकात एक गुंडाळले. इतके सफाईने की मलाच नंतर ओळखू येईना कुठल्या जोडीत आहेत. सकाळ-संध्याकाळ एक, जेवल्यावर, हे चिठ्ठीत लिहिलं. चिठ्ठी वाचून फाडून टाक, हेही लिहिलं. बायकोला गोळ्यांचं बोललो नाही. उगाच काळजी करत बसेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुखणं कमी आहे. गोळीने असेल, पट्टीने असेल, मला दोन्हींचं श्रेय चालेल.

मग फोन आईकडे. दोघी हळू आवाजात बोलायला लागल्या, मी सभ्य माणसासारखा पेपर वर धरला. तरी कानावर आलंच: डिसेंबरनंतर पाळी आलेली नाही. बायको म्हणाली, "होतं असं, दगदगीने. मी वसतिगृहात होते तेव्हा मलाही झालं होतं." ढमी म्हणाली, तिथल्या पाचसहा जणींचं तसंच आहे आणि सगळ्या खूश आहेत, कटकट गेली. दोघी हसल्या. बायकांच्या गोष्टी बायकांनी बघाव्यात, मी पेपरचं पान उलटलं.

वजन सात किलो उतरलंय. ढमी नाव बदलावं लागणार.

२ मार्च, रविवार

भेटीचा दिवस. दहा ते बारा, मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या, प्रत्येक कुटुंबाला तीन. मी एवढी माणसं एकदम ताठ बसलेली कधी पाहिली नाहीत, आईबापसुद्धा.

ढमी समोरून चालत आली. पन्नासएक पावलांवरून मला ओळखूच आली नाही. गालफडं वर आलेली, डोळे मोठे दिसायला लागलेले, युनिफॉर्म कडक. ऊर भरून आला, खोटं कशाला लिहू. माझ्या तरुणपणी मीही अशाच एका मैदानावर गेलो होतो. तळवे सपाट म्हणून दोन मिनिटांत परत पाठवलं होतं. आज त्याची भरपाई झाली असं वाटलं.

बायको मात्र शिवणकामवाली. पोरगी जवळ आल्यावर तिने पहिलं काय केलं, तर पँटचा कमरपट्टा चिमटीत धरला. "दोन इंच सैल आहे. आण, घेऊन जाते आणि आत घेऊन पाठवते."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. डाव्या पायाला काय झालंय तुझ्या?"

"काही नाही."

"मग तो बाहेर टाकून का चालतेस?"

मी मधे पडलो. म्हटलं, अगं, सैनिकी चाल आहे ती. इथे टाच आपटून चालायला शिकवतात. ढमी माझ्याकडे बघून हसली. बायकोने पर्समधून टेप काढली. ती टेपशिवाय लग्नालासुद्धा जात नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या, माप घेण्याच्या निमित्ताने, पँटच्या वरूनच दोन्ही मांड्या मोजल्या आणि मला दाखवलं. डावी उजवीपेक्षा अर्ध्या इंचाने बारीक. मी म्हटलं, कापडाची घडी आली असेल. ती म्हणाली, "पंचवीस वर्षं मापं घेतेय मी. घडी मला कळते."

बाराला घंटा झाली. उठताना ढमीने खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकले आणि क्षणभर तशीच थांबली. मग एकदम ताठ झाली, सलाम ठोकला, गेली. जाताना आम्ही बघतोय हे तिला माहीत होतं, म्हणून फार सरळ चालली.

बसमध्ये बायकोने विचारलं, "प्लास्टर रूममध्ये एखादी मुलगी अशी चालत आली तर तुम्ही काय म्हणाल?" मी म्हटलं, तिथे येणारे जिन्यावरून पडून आलेले असतात. ही कुठे पडली आहे का? पडल्याशिवाय हाड मोडत नाही. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

९ मार्च, रविवार

फोन चारच मिनिटं झाला, बाकीचा वेळ तिने दुसरीला देऊन टाकला. झोपेत कूस बदलली की जाग येते म्हणाली. पडल्या पडल्याही ठणकतं. आमचे डॉक्टर पडल्या पडल्या दुखणाऱ्या पेशंटकडे दोनदा बघतात, पण ते म्हाताऱ्यांच्या बाबतीत. ढमी बावीस वर्षांची आहे.

गोळी दिवसातून तीनदा घे म्हटलं. पट्टीचा कमरेचा वेढा जरा घट्ट.

आज लिहिताना मन लागत नाही. बायको ढमीची भेटीच्या दिवशी आणलेली दुसरी पँट आत घेत बसली आहे. दोनदा शिवण उसवून पुन्हा घातली. असं तिचं कधी होत नाही.

११ मार्च, मंगळवार

आज प्लास्टर रूममध्ये गर्दी कमी होती. चहा घ्यायला एक्स-रेवाल्या बाई आल्या, आमची वीस वर्षांची ओळख. सहज विचारल्यासारखं विचारलं: एक मुलगी आहे, खूप पळते, जांघेत दुखतं, बोटाने दाबून काही सापडत नाही. स्नायूच ना?

बाईंनी कप खाली ठेवला. "बोटाने कसं सापडेल मास्तर? खुबा किती आत असतो. पळणाऱ्यांचं न पडताही मोडतं, आधी केसासारखी चीर असते. मागे एक पोस्टमन नव्हता का आला? पाय जमिनीला टेकू देऊ नका म्हणावं, आधी फोटो काढा." मग विचारलं, "कोणाची केस?"

"लांबच्या नात्यातली," मी म्हटलं.

का म्हटलं, मला सांगता येत नाही. बाईंना वाईट वाटलं असतं म्हणून नव्हे. पोस्टमन पन्नाशीचा होता. बाई फोटो काढतात, त्यांना प्रत्येक गोष्टीचा फोटो हवा असतो. तरी दुपारी एका म्हाताऱ्याचं मनगट बांधताना प्लास्टर वाकडंच सुकलं, पुन्हा कापून बांधावं लागलं.

१६ मार्च, रविवार

आजचं नीट लिहितो.

फोन आला. ढमीने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाली, "बाबा, गुरुवारी दहा किलोमीटर आहे. मला सांगा, मी मेडिकलला जाऊ का?"

बायको लगेच म्हणाली, "जा."

ढमी म्हणाली, "आई, थांब. बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात तर आत्ता इथून सरळ जाते. तुम्ही स्नायू आहे म्हणालात तर पळते. मला दोन्ही चालेल. फक्त नक्की सांगा."

मागे रांगेतल्या मुली बोलत होत्या. मला बाईंचं बोलणं आठवलं. पोस्टमन आठवला. आणि ती बॅग भरणारी मुलगीही आठवली, जिला मी कधी पाहिलेलं नाही. दहा आठवडे झालेत. चार दिवस उरलेत. चार दिवसांसाठी पोरीला भिंतीकडे तोंड करून रडायला लावू?

मी म्हटलं, "स्नायू आहे. गुरुवार काढ. शुक्रवारी सकाळी मेडिकलला जा, मग किती का विश्रांती देईनात."

"नक्की ना?"

"एकतीस वर्षं झाली मला."

"येस सर," म्हणाली, आणि हसली. मोकळं हसली, पुष्कळ दिवसांनी. फोन ठेवल्यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. जेवण वाढलं, स्वतः जेवली नाही.

माझं चुकलं असेल तर? नाही चुकणार. चुकलं असेल तर गुरुवारी परीक्षेत जरा जास्त दुखेल, एवढंच.

१९ मार्च, बुधवार

आज दोनदा अकादमीचा नंबर काढला आणि ठेवून दिला. काय सांगणार होतो? मुलीला पळवू नका, असं? तिचा बाप म्हणून की प्लास्टरमास्तर म्हणून? उद्या या वेळेपर्यंत सगळं झालेलं असेल.

२० मार्च, गुरुवार

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी प्लास्टर रूममध्ये अकादमीचा फोन आला. हातावर प्लास्टर होतं, एक्स-रेवाल्या बाईंनी फोन माझ्या कानाला धरला. ढमी सातव्या किलोमीटरला पडली. पडली म्हणजे ठेच लागून नाही. पळता पळता पाय खालून गेला. बरोबरच्या मुलींना काडकन आवाज ऐकू आला.

बाईंनी विचारलं, "मास्तर, काय झालं?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

२२ मार्च, शनिवार

सैनिकी हॉस्पिटल. काल ऑपरेशन झालं, तीन स्क्रू घातले. त्याआधी तिथल्या सर्जनने आम्हाला फोटो दाखवला. बायकोला समजावून सांगत होता: मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो खुब्याच्या खोबणीत बसतो, गोळ्याच्या खाली ही मान, ती इथे तुटली आणि सरकली. मला समजावायची गरज नव्हती. तुटीच्या एका कडेला हाड पांढरं, जाड झालेलं होतं. आठवडेच्या आठवडे ते बिचारं सांधायचा प्रयत्न करत होतं आणि रोज पुन्हा तुटत होतं.

सर्जन तरुण आहे, सावकाश बोलतो. म्हणाला, महिन्यापूर्वी आली असती तर सहा आठवडे कुबड्या, बाकी काही नाही. आता हाड जुळेलही, पण गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या शिरा तुटल्या असतील तर गोळा आतल्या आत मरतो. ते लगेच कळत नाही. दोन वर्षं वाट बघायची. मेला तर सांधा बदलावा लागेल. "बाविसाव्या वर्षी," बायको म्हणाली. तो म्हणाला, "हो. आणि न जेवता, पाळी बंद असताना हाडं अशी ठिसूळ होतात, हे या मुलींना कोणी सांगत नाही." बायकोने भिंतीला हात टेकला.

मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि रडलो. तिथे एक शिपाई फरशी पुसत होता. त्याने माझ्याभोवतीची जागा सोडून बाकीची पुसली.

२४ मार्च, सोमवार

ढमी शुद्धीवर आहे, थोडं बोलते. मी म्हटलं, "ढमे, माझ्यामुळे झालं." ती छताकडे बघत म्हणाली, "बाबा, हे इथे बोलायचं नाही."

२९ मार्च, शनिवार

चौकशी सुरू झाली आहे. प्रत्येक मोठ्या दुखापतीची होते. प्रश्न एकच: कॅडेटने दुखापत लपवली का? प्रशिक्षणात झालेली दुखापत असेल तर उपचार अकादमीकडे, बरी झाल्यावर ऑफिसातल्या कामासाठी तरी तिचा विचार होऊ शकतो. लपवली असेल तर नाव काढून टाकतात, आणि शेऱ्यात तसं लिहितात. तो शेरा जन्मभर राहतो, कुठल्याही सरकारी नोकरीच्या अर्जाबरोबर जातो.

ढमीने जबाब लिहून दिला. प्रत आम्हाला वाचायला दिली. "वेदना पाच आठवडे होत्या. मी कोणालाही सांगितलं नाही. घरीही सांगितलं नाही. औषधं मी स्वतः मिळवली. जबाबदारी पूर्णपणे माझी आहे." खाली सही, ताठ अक्षरात.

मी म्हटलं, हे काय लिहिलंस? ती म्हणाली, "तुम्हाला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. डॉक्टर नसताना उपचार सांगितले, चोरून गोळ्या पाठवल्या, हे बाहेर आलं तर हॉस्पिटल तुम्हाला ठेवेल का? माझं जायचं ते गेलंय. दोघांचं कशाला?"

"आणि शेरा?"

"बाबा, तुम्ही गप्प बसायचं. समजा माझी ऑर्डर आहे."

एवढी मोठ्या मनाची मुलगी कोणाला मिळते? मी तिचा हात धरून बसलो. बायको खिडकीपाशी उभी होती.

३१ मार्च, सोमवार

चौकशी अधिकाऱ्याने आम्हाला बोलावलं. लहानशी खोली, एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. माणूस सभ्य होता. पाणी विचारलं. म्हणाला, मुलगी प्रामाणिक आहे, सगळं स्वतःवर घेतलं, पण मला विचारणं भाग आहे. "दर रविवारी फोन होत होते. दुखण्याबद्दल घरी कधी काही बोलली होती का?"

घड्याळाचा काटा वाजत होता. मी ढमीची ऑर्डर आठवली. माझी नोकरी आठवली नाही, असं इथे लिहायचं होतं, पण आठवली. प्लास्टर रूममधलं माझं स्टूल आठवलं, एक्स-रेवाल्या बाई आठवल्या.

"नाही," मी म्हटलं.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि बायकोकडे वळला. ती उठली होती. "मला बरं वाटत नाही," म्हणाली आणि दार उघडून बाहेर गेली. तो म्हणाला, आईला त्रास होणारच, त्यांचं दोन दिवसांनी घेऊ.

मी ढमीने सांगितलं तेच केलं आहे. बायको समजून घेईल.

२ एप्रिल, बुधवार

हे मी लिहीत आहे, ढमीची आई. ही वही मी काल वाचली, पहिल्यापासून.

आज दुपारी माझा जबाब आहे. सोबत ही वही देणार आहे. १८ फेब्रुवारी, ११ मार्च आणि १६ मार्च या पानांना टाचण्या लावल्या आहेत. मुलीने दुखणं लपवलं नाही. तिने दर रविवारी विचारलं आणि आम्ही सांगितलं तसं केलं. एवढं वाचणाऱ्याने लिहून घ्यावं. तिच्या नावापुढे तो शेरा नको.

२३ फेब्रुवारीला ती पाळीचं बोलली तेव्हा मी 'होतं असं' म्हणाले आणि हसले. २ मार्चला मांडी मोजली, फरक दिसला, आणि तरी तिला तिथे सोडून आले. १६ तारखेला 'जा' म्हणाले, पण एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले असते तर ती गेली असती. १९ तारखेला ह्यांनी अकादमीचा नंबर काढला आणि ठेवून दिला असं लिहिलं आहे. मी त्या दिवशी नंबर काढलासुद्धा नाही. हे सगळं त्यांच्याबरोबर माझंही धरावं.

ढमीला अजून सांगितलेलं नाही. ती रागावेल, कदाचित बोलणार नाही. चालेल.

ह्यांना सकाळी सांगितलं. ते चहा घेत होते. मला वाटलं होतं वही हिसकावून घेतील, निदान नोकरीचं काढतील. त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझं अक्षर कळेल ना त्यांना?"

मी म्हटलं, "कळतं."